वडी

खाण चालू होती तेव्हा आमच्या घरी
साबणाची वडी चार दिवस टिकायची नाही.
बाबा टिपर उभा करून यायचे
तेव्हा भुवया लाल, कानाच्या पाळ्या लाल,
न्हाणीतलं पहिलं पाणी लाल, दुसरंही लालसर.
तिसऱ्या तांब्याला कुठे बाबा दिसू लागायचे.

मग खाण बंद पडली.
टिपर पोफळींच्या कडेला, चाकांना चार दगड.
वाण्याची यादी करताना एकदा
आई मान वर न करता म्हणाली,
साबण उरतोय.

बाबांनी ती वडी उचलली,
कंपनीच्या नावावरून अंगठा फिरवला
आणि पहिल्यांदा ते नावच खरवडून काढलं.

हत्यारं म्हणजे काय, तर छत्रीची मोडकी तार,
आईच्या केसांतला आकडा,
हॅकसॉचं पान, पायरीवर घासून धार लावलेलं.
वडी फार सुकली तर कपचा उडतो,
ओली असली तर नुसता चिखल.
मधला एक दिवस असतो, म्हणतात ते,
तो नखाने ओळखायचा.

पहिला कोरला तो टिपरच. दुसरं काय येणार हाताला?
हौदा वर उचललेला, मागचं एक चाक तुटकं.
मग कासव, घुमट, शेजाऱ्यांची लंगडी म्हैस.
सोयरो मळीक आला, बार्जवरचा खलाशी.
माझी बार्ज कोर म्हणाला,
आणि चार दिवस डोक्याशी बसून, केबिन मागं, अरे मागं!
झाली तेव्हा बादलीत सोडून बघितली.
सरळ तळाला गेली.
दोघेही पोट धरून हसले.
सोयरोचं हसणं आधी थांबलं.

वीस वर्षं बाबांनी डोंगर असाच उतरवला होता,
बेंचमागून बेंच, वरून खाली.
काढत जायचं, एवढंच तिथे काम.
काय ठेवायचं हे कुणी विचारलं नव्हतं.
आता ते वडी हातात घेऊन
अर्धा अर्धा तास नुसते बसतात.
आई म्हणते, एवढ्यात माझे कपडे धुऊन झाले.

आणि किस. खाणीवर त्याचा डंप व्हायचा,
पावसात घरंगळून मयेच्या शेतांत उतरायचा.
इथे आई तो बाबांच्या बुटांतल्या जुन्या मोज्यात भरते,
तोंडाला गाठ मारते
आणि धोंडीवर आपटते. फेस येतो. बरा येतो.

यंदा चवथीला माटोळी बांधताना
कांगलं मिळालं, कवंडळ मिळालं,
आंबाडे, तोरिंजन, सुपारीचा शिंपटा, सगळं.
नागलकुड्याची जोडफळं तेवढी नाहीत.
ती ज्या राईत मिळायची ती राई
तिसऱ्या बेंचच्या वर होती,
म्हणजे आता हवेत.
तिची माती कुणाच्या टिपरमधून गेली
ते माटोळीखाली उभं राहून कुणी बोललं नाही.

रात्री बाबांनी हिरवी वडी घेतली.
सकाळी पाटावर दोन फळं, एका देठाला,
वाकडी, पाठीवर धार, पोटात चीर,
चिरेत कुंकवाचे दाणे.
धाकटा काका म्हणाला, माटोळीला रानातलं बांधतात, वाण्याकडचं नव्हे.
बाबा स्टुलावर चढले होते, उतरले नाहीत.
भटजी आले, वर बघत जरा थांबले,
मग म्हणाले, वास बरा येतोय,
आणि कलशावरचा नारळ सरळ करायला लागले.

विसर्जनानंतर माटोळी उतरली. काकडी इकडे,
नारळ तिकडे, तोरिंजन मोठ्या आत्याला.
जोडफळ कुणीच नेलं नाही.
मी ते न्हाणीतल्या कोनाड्यात ठेवलं.
कुणी वापरू नये असं ठरलंय,
म्हणजे मीच ठरवलंय.

पण चीर बुजत चाललीय.
पाठीवरची धार बोथट झालीय, डाव्या फळाची जास्त.
बाबांना विचारलं तर म्हणतात,
आईला विचार.